उजेड दाखवून आणलेलं रक्त

बसस्टँडवर अशी बातमी होती, की अनाउन्समेंटवाल्या बाईंचं रक्त दर पंधरा दिवसांनी काढून घेतात, इस्पितळाच्या गच्चीवर उन्हात वाळत घालतात आणि संध्याकाळी परत देतात. चहावाल्याने ही बातमी हमालाला सांगितली आणि हमालाने तिला स्वतःचा मसाला लावला. "चिमटे लावलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. "वारा सुटला की नर्सबाई धावत जाऊन काढून आणते."

बातमीत तथ्य होतं, पण तिचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे. गच्ची नव्हती, चिमटे नव्हते, आणि ऊन तर बाईंना उलट वर्ज्य होतं. सगळं रक्तही नव्हे, त्यातला एक अगदी पातळ थर तेवढा बाहेर काढून, उजेड दाखवून, पुन्हा अंगात सोडत होते. खरी गोष्ट अफवेपेक्षा इतकी अजब होती, की हमालाला ती सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काहीही फेकता राव."

बाई म्हणजे ही हकीकत लिहिणारीची आत्या. लिहिणारी स्वतःही पुढे येईल. आत्या तिला कॅसेट म्हणते, कारण ऐकलेला आवाज ती जसाच्या तसा वाजवून दाखवते. पण या हकीकतीचा मान आत्याचा आहे.

आत्याची खोली बसस्टँडच्या मधोमध, अर्ध्या जिन्यावर. तिन्ही बाजूंना काच, आत एक खुर्ची, खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली गादी आणि बगळ्यासारखी मान वाकडी करून उभा असलेला माइक. तिथे बसून तिने आयुष्याची एकवीस वर्षं लोकांना गाडीत बसवलं. बोलायची वाक्यं ठरलेली. "नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी असून, सुटत आहे." यात काय मोठं, कुणीही बोलेल. पण त्या स्टँडवर एक रीत पडली होती, कुणी पाडली कुणालाच ठाऊक नाही. आत्याचं 'आहे' पुरं झाल्याशिवाय ड्रायव्हर दार लावत नसे. कागदावर हा नियम कुठेच नव्हता, पण ड्रायव्हर बदलले, साहेब बदलले, गाड्यांचे रंग बदलले, रीत टिकली.

म्हणून आत्या बोलताना घड्याळाकडे बघायची नाही, काचेतून खाली बघायची. फाटकातून कुणी आजोबा पिशव्या सांभाळत पळत येताना दिसले, की तिचा 'आ' लांबायचा. "सुटत आऽऽऽ" म्हणजे आजोबा तिकीट खिडकीपाशी. "आऽऽऽऽऽ" म्हणजे आजोबांचा एक पाय पायरीवर. दुसरा पाय वर आला की "हे." धाड, दार बंद. बाहेरगावचे लोक हसायचे, काय ही गाणं म्हटल्यासारखी ओरडते. ज्यांची गाडी त्या 'आ'मुळे मिळाली होती ते हसायचे नाहीत.

मग आत्याला रक्ताचा आजार झाला. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तो कारखानाच नासला. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या हाडांतला निरोगी मगज घालावा लागेल, आणि तो जुळला पाहिजे. तपासण्या झाल्या. जुळला तो धाकट्या भावाचा, म्हणजे कॅसेटच्या बाबांचा. त्यांचं बाजारात चाव्या बनवायचं दुकान आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एवढ्या खटाटोपात शेवटी माझीच चावी बसली!"

चावी बसली, कुलूप उघडलं, आत्या वाचली. केस परत आले, ते आधीपेक्षा कुरळे. भावाचे कुरळेच होते, म्हणून घरात महिनाभर चेष्टा चालली. "आता ताई शिट्टी मारत दाढी करणार," वगैरे. आत्या परत माइकसमोर बसली.

आणि पुढच्या वर्षी कातडी आवळायला लागली.

आधी कोपरांची, मग गळ्याची. आत्या म्हणायची, एका मापाने लहान पोलकं कुणीतरी घातलंय आणि ते काढताच येत नाही. मग तोंडाभोवती. चमचा आडवा जाईना, उभा करून सारावा लागे. भाकरतुकडा चिमणीला घालावा तसा बारीक करून खायची. आणि 'आ' मिटत चालला. "सुटत अ…हे." धाड. एक दिवस एक म्हातारी बाई पायरीच्या दांड्याला हात लावते न लावते तोच गाडी हलली, आणि ती हात तसाच पुढे धरून फलाटावर उभी राहिली. आत्याने वरून ते पाहिलं. तिने माइक बंद केला, गादी काखेत मारली आणि खोलीची किल्ली डेपोसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

डेपोसाहेब वाईट माणूस नव्हे. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरणारा, साधा माणूस. "अहं. बाई, रजा घ्या. अहं. तोंड उघडलं की या. पण वर्षअखेरीला वरून यंत्र येणार आहे. भरलेला आवाज. अहं. मग माझ्या हातात नाही."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "भावाच्या पेशींनी तुमच्या अंगात नवीन रक्त उभं केलं, ते छान झालं. पण त्यातल्या काही पांढऱ्या पेशी पहारेकरी असतात. भावाच्या घरातून आलेल्या. तुमचं घर त्यांना ओळखीचं वाटत नाही. त्या तुमच्याच भिंतींवर काठ्या मारतायत."

आत्याला हे लगेच पटलं. "म्हणजे बारक्याच. लहानपणी पाहुणा म्हणून गेला तिथे याने दुसऱ्यांची खेळणी मोडलीच."

सगळे हसले, फक्त बारक्या हसला नाही. तो त्या दिवशी दुकानात गेला आणि एका गिऱ्हाइकाला चुकीची चावी कापून दिली. जन्मात पहिल्यांदा.

गोळ्यांनी आत्याचा चेहरा फुगला, कातडी काही सैल झाली नाही. तेव्हा ती उजेडाची गोष्ट निघाली.

पहिल्या खेपेला कॅसेट बरोबर होती. पडदे ओढलेली लांबट खोली, टेकायची खुर्ची, आणि शेजारी कपड्यांच्या कपाटाएवढं यंत्र. सिस्टर उंच, भरभर बोलणाऱ्या, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरं का" लावणाऱ्या. त्यांनी सुई टोचली, नळी लाल झाली, आणि यंत्राच्या पोटात काहीतरी गरगर फिरायला लागलं. ऊंऊंऊं. कॅसेटने तो आवाज तिथल्या तिथे उचलला, सिस्टरनी दचकून यंत्राकडे पाहिलं.

"ही कोण?"

"माझी भाची. दुर्लक्ष करा, बिघडलेली आहे," आत्या मिटल्या ओठांतून म्हणाली.

यंत्र रक्त फिरवतं, आणि फिरवलं की रक्ताचे थर होतात. जड तांबड्या पेशी एकीकडे, पिवळसर, गवताच्या रंगाचं पाणी दुसरीकडे. दोहोंच्या मधे, वहीच्या कागदाइतकी पातळ, एक फिकट रेघ. ती रेघ म्हणजे पहारेकरी. यंत्र तेवढी रेघ उचलून वेगळ्या पिशवीत घेतं आणि बाकीचं रक्त ज्याचं त्याला देऊन टाकतं. सिस्टरनी पिशवी दाखवली. आत्याने इतकी वर्षं रक्त म्हटलं की लाल एवढंच धरलं होतं. पिशवीत गुलाबीसर धुकं होतं.

"आता यात औषध घालते, बरं का. हे औषध गमतीचं आहे. अंधारात काहीच करत नाही. पेशींत जाऊन गप्प बसतं. उजेड पडला की जागं होतं."

"कुठला उजेड?"

"डोळ्यांना दिसत नाही असा. तुम्हाला फक्त त्याची जांभळी कड दिसेल, बरं का."

झाकण बंद झालं. खाचेतून खरोखरच एक जांभळी रेष खोलीच्या फरशीवर पडली. आत्या त्या रेषेकडे बघत राहिली. तिच्या अंगातला एक तुकडा, जो मुळात तिचा नव्हताच, तो आत्ता त्या झाकणाखाली न दिसणाऱ्या उजेडात पडला होता, आणि ती इथे खुर्चीत बसून त्याची वाट बघत होती. आपण एवढ्या लोकांना गाडीत बसवलं, पण आपल्याच आत एवढी ये-जा चालते हे कधी मनात आलं नाही, असं तिला वाटलं. अंगावर काटा आला. कातडी इतकी ताठ होती, की काट्यालाही उभं राहायला जागा नव्हती. तो नुसता जाणवला.

थोड्या वेळाने यंत्राने तेच गुलाबी धुकं नळीवाटे परत आत्यात सोडलं.

"मग आता या मेल्या?"

"मरतील. सावकाश, पुढच्या काही दिवसांत. पण मरता मरता त्या बाकीच्या पेशींना काहीतरी कळवून जातात, बरं का. आणि मग बाकीच्याही निवळायला लागतात."

"म्हणजे बाकीच्या बाहेर काढतच नाही?"

"छे! सगळ्या कुठे काढता येतात. आपण काढतो त्या मूठभर, बरं का."

"आणि मूठभर जाऊन सगळ्यांना सांगतात?"

"हो."

"काय सांगतात?"

सिस्टर पहिल्यांदाच 'बरं का' विसरल्या. "ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. मोठमोठे लोक शोधतायत. पण सांगतात हे नक्की."

एवढी वर्षं एका खोलीत बसून अख्ख्या स्टँडला सांगत आलेल्या बाईला मूठभरांनी सगळ्यांना कळवणं म्हणजे काय ते कुणी समजवायला नको होतं. जिना उतरताना तिने कॅसेटचा दंड धरला. "माझ्या आत आता अनाउन्समेंट चालू आहे गं," ती म्हणाली. "आणि मलाच ऐकू येत नाही."

उजेडाला जागं होणारं ते औषध अंगात असेपर्यंत उन्हाला तोंड दाखवायचं नाही, हा नियम. आत्या काळा चष्मा, लांब बाह्या आणि डोक्यावरून ओढलेली ओढणी अशा थाटात घरी यायची आणि दुसरा अख्खा दिवस पडदे लावून बसायची. हमालाच्या बातमीला इथूनच पाय फुटले.

दर खेपेनंतर काड्यांची परीक्षा. डॉक्टरीणबाई जीभ दाबायच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून आत्याच्या दातांमध्ये सारायच्या. किती मावतात ते तोंडाचं माप. महिने गेले, काड्या तेवढ्याच. "याला वेळ लागतो," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. आत्या मान डोलवायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून 'आ' करून बघायची. डेपोत तिकीट खिडकीचा कारकून दिवसातून अनेकदा, जेवण उरकावं तशी, अनाउन्समेंट उरकायचा. लोक फलाटावर उरायचे.

एकदा डेपोसाहेब घरी आले. कॅसेटने त्यांच्यासमोर आत्याचा जुना आवाज काढला, 'आ'सकट. साहेबांचे डोळेच चमकले. "अहं! हिचाच आवाज भरून घेऊ की यंत्रात! अहं, हुबेहूब!"

"हुबेहूब आहे खरा," आत्या म्हणाली. "पण भरलेला आवाज खाली बघतो का हो?"

साहेब चहा पिऊन गेले. यंत्र पेटीत येऊन पडलं होतं, आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत ते पेटीतच ठेवायचं त्यांनी कबूल केलं.

त्याच आठवड्यात दुधाचा प्रकार घडला.

इस्पितळातलं यंत्र फिरत होतं. सिस्टर थर बघायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. गवताच्या रंगाचं जे पाणी दिसायला हवं, ते पांढरं होतं, चुना कालवलेल्या पाण्यासारखं. यंत्राने टूंक टूंक करून हात वर केले. त्याला थरच दिसेना.

"काल काय खाल्लंत?" सिस्टर म्हणाल्या.

"सूप. भाज्यांचं. तुम्हीच सांगितलंत तसं, बिनतुपाचं."

"हे बिनतुपाचं रक्त नाही, बरं का. इतकी चरबी आहे की उजेड आरपार जायचा नाही. आज काही होणार नाही. परत सोडते सगळं."

त्या दिवशी सोबत बाबाही आले होते. कॅसेटने त्यांच्याकडे पाहिलं. ते छताच्या पंख्याचा असा काही अभ्यास करत होते, जणू त्यालाही कुलूप आहे.

"बारक्या," आत्या म्हणाली.

"मी जरा दाट केलं सूप."

"किती जरा?"

"वाटीभर साय. आणि लोणी. वितळवून, म्हणजे तुला कळणार नाही." मग त्यांचा आवाज एकदम फाटला, आणि तो आवाज कॅसेटने अजूनपर्यंत कधी वाजवून दाखवलेला नाही. "तू काडीसारखी झालीस ताई! माझ्याच पेशी तुला खातायत, आणि मी काय नुसता चाव्या घासत बसू? मी दिलं नसतं तर बरं झालं असतं."

यंत्राचं टूंक टूंक सिस्टरनी बंद केलं.

आत्याला जोरात ओरडायचं होतं, पण ओरडायला तोंड लागतं. ती हळूच म्हणाली, "गाढवा. तू दिलं नसतंस तर त्यांना खायला मी तरी उरले असते का? लहानपणी माझ्या ताटातलं उचलायचास, तेव्हा मी एकदा तरी तुला घराबाहेर काढलं?"

"नाही."

"मग? सवय आहे मला तुझी. आता ऐक. या सगळ्या तुझ्या आहेत ना? मला परक्या समजतायत. तू ओळख करून दे."

बाबांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी पांढऱ्या नळीकडे बोट दाखवलं, जणू हेही उपचारातच येतं. आणि बाजारातल्या त्या चावीवाल्याने खाली वाकून, बहिणीच्या कोपराशी तोंड नेऊन, दुकानातल्या पोराला दटावावं तसं म्हटलं, "ए. बास करा आता. ताई आहे ती माझी."

कुणीही हसलं नाही. ती दुधाळ नळी आत्याच्या हातात रिकामी होत गेली.

नवी तारीख मिळाली, आणि तोवर आत्याच्या सुपावर सिस्टरनी फोनवरून पहारा ठेवला. पुढच्या खेपेला पाणी पुन्हा गवताच्या रंगाचं होतं आणि जांभळी रेष फरशीवर पडली. बाबा ती पहिल्यांदा बघत होते. त्यांनी चप्पल काढून तिच्या शेजारी उघडा पाय ठेवला, रेषेवर न टेकवता.

मग एका सकाळी आत्याने जांभई दिली.

ती स्वतःच मधे थांबली. जांभई आली होती आणि पुढे चालली होती, जबड्याच्या दोन्ही बाजूंना कुठेतरी काहीतरी ढिलं सुटत होतं, आणि इतके दिवस जिथे दार लागायचं तिथे लागलं नव्हतं. "इकडे या रे!" ती ओरडली. सगळं घर ग्रहण बघायला धावावं तसं आलं. "पुन्हा दे!" म्हणून सगळे मागे लागले. मागून जांभई येते का? मग कॅसेटने जांभईची नक्कल केली, ती बघून बाबांना आली, बाबांची बघून आत्याला आली. कोपरावरची कातडी चिमटीत येत होती. थोडीशी, पण येत होती. काड्यांच्या परीक्षेत एक काडी जास्त मावली, पुढच्या खेपेला आणखी एक. डॉक्टरीणबाईंनी काड्या पुन्हा मोजल्या आणि एरवीसारखं काही समजावलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "अगंबाई."

कुणी, कुणाला, काय सांगितलं होतं? आत्या संध्याकाळी पडदा सारून बसली की याचाच विचार करायची. बारक्याचं दटावणं पोचलं असं तिलाही वाटत नव्हतं, ती काही खुळी नाही. पण मूठभर पेशी उजेड बघून आल्या, घरोघर गेल्या आणि मरता मरता भांडण मिटवून गेल्या, हे डॉक्टर स्वतः सांगत होते. मग खुळं कशाला म्हणायचं, हेच तिला कळेनासं झालं होतं.

साहेबांनी दिलेल्या महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी ती गादी काखेत मारून अर्धा जिना चढली. मागे डेपोसाहेब, खाकरत. खोलीत यंत्राची पेटी, अजून दोरीने बांधलेली. कॅसेट काचेला नाक लावून उभी. खाली चार नंबरवर नदीपलीकडची गाडी इंजिन सुरू करून थांबली होती, आणि ड्रायव्हर मान वर करून बघत होता.

फाटकातून एक माणूस आत शिरला. त्याच्या हातात आरसा होता, पुरुषभर उंचीचा, लाकडी चौकटीचा. त्याला पळता येत नव्हतं. पोटाशी आरसा धरून तो बदकासारखा चालत होता, आणि उन्हाचा चौकोन गाड्यांवरून, खांबांवरून, लोकांच्या तोंडांवरून उड्या मारत त्याच्यापुढे पळत होता.

"चार नंबरचाच आहे," कॅसेट म्हणाली. "हा नाही पोचत."

आत्याने माइकवर तळवा ठेवला. "पोचतो."

"आत्या, तो गोगलगाय आहे. आणि तुझं तोंड अजून पुरतं उघडत नाही. पैज."

"कसली?"

"हरेल त्याने घरी जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"विचार कर. मला सवय आहे."

तिने तळवा काढला. "नदीपलीकडे जाणारी गाडी, फलाट क्रमांक चारवर उभी असून," आवाज जुना नव्हता, थोडा खरखरीत, कडेला झिजलेला, "सुटत आऽऽऽ"

माणूस तिकीट खिडकीपाशी आला.

"ऽऽऽऽ" तोंडाचे कोपरे पांढरे पडले. हनुवटी थरथरायला लागली. आरसेवाला खांबाशी अडला, त्याने आरसा आडवा केला, उभा केला, एका पोराला वाट दिली. वाट दिली! कॅसेटने डोळे मिटले. 'आ' चालूच होता. डेपोसाहेबांना खाकरायचं होतं, पण त्यांनी श्वास धरला होता. कंडक्टर खाली उतरला, आरशाचं वरचं टोक धरून त्याने आत ओढलं, माणसाचा एक पाय पायरीवर आला. दुसरा पाय हवेत राहिला, कारण चौकट दारात अडकली होती. "ऽऽऽऽऽ" आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंड, ते आवळलेलं, चिमणीएवढं झालेलं तोंड, अजून थोडं उघडलं. चौकट सुटली. दुसरा पाय आत गेला.

"हे."

धाड. दार लागलं.

साहेब खाली बसले आणि पेटीची एक बाजू धरून ती दाराकडे सरकवायला लागले. आत्याने गादी खुर्चीवर नीट केली आणि पाण्याचा घोट घेतला.

संध्याकाळी दोघी चालत घरी गेल्या. वाटेत सगळ्या माणसांवर, कुत्र्यांवर आणि पाट्यांवर आत्या बोलत होती. हमाल भेटला, त्याने विचारलं, "काय, आज वाळवून आलात का?" यावर कॅसेटच्या जिभेवर त्याच्याच आवाजात इतकं सुंदर उत्तर आलं होतं, की ते गिळताना घशात दुखलं. तिने ओठ घट्ट दाबून धरले, आणि थेट घराच्या दारापर्यंत दाबूनच ठेवले.